पेंग्विनकाका

कॉम्प्युटर नीट चालत असला की पेंग्विनकाकांना बरं वाटत नाही. बटण दाबलं, मशीन सुरू झालं, वायफाय आपोआप लागलं, आवाजही आला, असं ओळीनं तीनचार दिवस झालं की ते गॅलरीत येरझाऱ्या घालू लागतात. पाचव्या दिवशी सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलतात. मग रात्री दोन वाजेपर्यंत त्यांच्या खोलीत दिवा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि काका एकदम खुशीत. भूकसुद्धा सुधारते म्हणे.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते वापरतो फक्त पोस्टमन. दारावर चिकटवलेला तो गोलमटोल पेंग्विन, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा शुभंकर टक्स, पोराटोरांनी पाहिला आणि परस्पर बारसं उरकून टाकलं. नोकरी बँकेत. तिथं दिवसभर विंडोजवर बसावं लागतं. त्याबद्दल छेडलं तर, "पोटासाठी करावं लागतं रे," एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.

बँकवाल्यांचं वर्ष मार्चएंडला संपतं. काकांचं तिथून सुरू होतं, कारण उबुंटू या लिनक्सच्या अवताराची नवी आवृत्ती दरवर्षी एप्रिलमध्ये येते आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरची दिवाळीच्या आगेमागे पडते. काकू माळे साफ करतात, काका हार्ड डिस्क. सख्ख्या भाच्याच्या मुलीचं नाव त्यांना दर भेटीत नव्यानं विचारावं लागतं, पण फोकल फोसा, जॅमी जेलिफिश, नोबल नंबॅट ही उबुंटूच्या आवृत्त्यांची नावं सालासकट तोंडपाठ.

बाधा जुनी आहे. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं, हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, अशा अर्थाचं लिहून लिनक्स ही आपली सिस्टिम लोकांपुढे ठेवली. पुढे जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक तिच्यावर चालू लागले आणि अँड्रॉइडच्या पोटात बसून ती सगळ्यांच्या खिशात गेली. काकांनी त्यातला छंद तेवढा मनावर घेतला. त्यांच्याकडे ती आली पोस्टानं. उबुंटूच्या सीडी 2011 पर्यंत मागेल त्याला फुकट मिळत, टपालखर्चसुद्धा पडत नसे. काकांनी गठ्ठा मागवला आणि फराळाच्या ताटासोबत घरोघरी एकेक सीडी धाडली. चकल्या लगेच संपल्या. सीड्या पुढे कित्येक वर्षं गॅलऱ्यांमधून कबुतरं हाकलत होत्या.

नवा, महागडा लॅपटॉप काकांना आवडत नाही, त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यांना लागतो स्वस्तातला स्वस्त: चार जीबी रॅम, तीही बोर्डावर कायमची डकवलेली, चौसष्ट जीबी साठवण आणि उघडताना कुरकुरणारी बिजागरी. "लिनक्सला लागतं काय? दोन जीबीत मजेत चालतं!" असं ते सांगतात. ब्राउझर उघडेपर्यंत ते खरंही असतं.

त्यांच्याबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन यावं. दुकानदार सवयीनं म्हणतो, "अंकल, डॉसवाला पीस है, टेन्शन नहीं, विंडोज डाल के देता हूँ, फ्री में." चोरीचं विंडोज! काका ताठ होतात. खिशातून जुडगा काढतात. त्यात किल्ली एकच, घराची. बाकी सगळे पेनड्राइव्ह. त्यातला मिंट या लिनक्सच्याच दुसऱ्या अवताराचा निवडून ते दुकानाच्या मशीनला लावतात आणि काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच अख्खी सिस्टिम सुरू करतात. मग तोंडी परीक्षा. वायफाय दिसतं का? आवाज येतो का? ब्राइटनेसची बटणं ऐकतात का? झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का, हा प्रश्न शेवटचा, आणि बहुतेक उमेदवार तिथंच गळतात. एव्हाना काउंटरपाशी गर्दी जमलेली असते. एका बाईंनी तर काकांनाच प्रिंटरचा भाव विचारला होता. काकांनी सांगितला, आणि वर तो घेऊ नका असंही सांगितलं.

अशाच एका जुन्या लॅपटॉपची एनची कळ निखळून पडली. आता इनस्क्रिप्टमध्ये ल आणि ळ दोन्ही त्याच कळीवर. म्हणजे मराठीत लिनक्स लिहिता येईना. इंग्रजीत लिहावं तर तिथंही एन. दुसरा माणूस कीबोर्ड बदलतो. काकांनी एका ओळीच्या हुकमानं एनचं काम कॅप्स लॉककडे सोपवलं आणि आठवडाभर भेटेल त्याला ही हकिकत सांगितली. "कॅप्स लॉक बिनकामाचा बसून होताच," हे ते अशा समाधानानं म्हणाले, जणू बँकेतल्या कुणाची तरी एकदाची बदली केली.

मात्र वायफायनं त्यांचा खरा छळ केला. ड्रायव्हर नसतो. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. इंटरनेट येतं वायफायवरून. या फेऱ्यातून सुटायचा मार्ग म्हणजे मोबाइल केबलनं जोडायचा, आणि जोडायला मोबाइल काकूंचा, कारण काकांच्या मोबाइलवर त्या वेळी तिसरंच काहीतरी चढवणं चालू असतं. काकू बहिणीशी बोलत असल्या तरी त्यांना फोन केबलच्या लांबीइतकाच फिरवता येतो.

लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे वाक्य त्या घरात उच्चारू नये. काका 1993 पासून सुरुवात करतात, कारण विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन तेव्हा जन्मलं. तिथून 2018 पर्यंत येतात, कारण त्या साली स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं वाइनवरच बेतलेलं प्रोटॉन काढलं आणि हजारो गेमना दार उघडलं. या दोन सालांमध्ये काकांची उमेदीची वर्षं गेली. आमच्या इमारतीतली पोरं लहान असताना रविवारी त्यांच्याकडे एज ऑफ एम्पायर्स 2 खेळायला जायची. जायची म्हणजे काकांच्या पाठीमागे उभी राहायची. आधी पडदा काळा. मग चित्र आलं तर रंग जांभळे. मग रंग आले तर आवाज नाही. दुपार कलते, काकू पोह्यांच्या बशा फिरवतात, आणि अखेर ते टाउन सेंटर, ते तीन गावकरी आणि तो घोडेस्वार स्वच्छ रंगांत, आवाजासकट उभे राहतात. पोरं ओरडतात. काका म्हणतात, "बघा, चाललं!" आणि गेम बंद करतात.

"काका, खेळू द्या ना!"

"आता खेळायचं काय राहिलंय त्यात?"

हे ते चेष्टेनं म्हणत नसत. त्या तीन गावकऱ्यांनी पुढे लाकूड तोडलं की मेंढ्या मारल्या, याच्याशी त्यांना खरोखर काही देणंघेणं नव्हतं. पोरांची समजूत म्हणून सुपरटक्सकार्ट मिळे. त्यात पेंग्विन गाडी पळवतो, आणि तो मुळातच लिनक्सचा असल्यामुळे पहिल्या झटक्यात चालतो. काकांना त्या गेमविषयी विशेष आदर नाही.

घरात मन लावून खेळतात त्या काकू. पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव, रोज जेवणानंतर. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्यांचे जिंकल्या-हरल्याचे आकडे पुसले जात. एका दिवाळीत काकूंनी कढईखालचा गॅस बंद करून विचारलं, "अहो, माझे डाव कुठं गेले?" त्यानंतर काकांनी डिस्कचा एक कप्पा काकूंसाठी वेगळा काढला. त्याला ते आजतागायत हात लावत नाहीत. इतकी शिस्त त्यांनी स्वतःच्या फाइलींच्या बाबतीत कधी पाळलेली नाही.

काकांचा सुवर्णकाळ आला 14 ऑक्टोबर 2025 ला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ला पाठिंबा थांबवला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते म्हणून इमारतीतले धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. ज्यांनी आजवर जिन्यात काकांना चुकवलं, ते आता लॅपटॉप काखोटीला मारून रांगेत उभे. काकांनी कुणाला मागचं काही ऐकवलं नाही. तळमजल्यावरच्या आजींना कीर्तनं ऐकायची होती आणि नातवाला बघायचं होतं. त्यांचा लॅपटॉप मिंट घालून गेला तो पुन्हा तक्रार घेऊन आलाच नाही. काका थोडे खट्टू झाले.

सेक्रेटरींनी ती कसर भरून काढली. त्यांच्या नोटिसा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टात. लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर टाकी धुण्याच्या नोटिशीत डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी उमटली. वॉचमननं ती तशीच फळ्यावर लावली. मंगळवारी पाणी गेलं तेव्हा अख्खी बी विंग साबण लावून उभी होती. "चूक फॉन्टची आहे, लिनक्सची नाही," काका म्हणाले. त्यांच्यातला सगळ्यात असह्य गुण हाच, ते बरोबर असतात. तरी हिशेबाचं सॉफ्टवेअर काही केल्या चालेना, तेव्हा सेक्रेटरींनी गुपचूप नवा लॅपटॉप घेतला. जुना काकांना बक्षीस. तो त्यांचा सातवा की आठवा, काकू मोजत नाहीत.

मग डिसेंबरात भाचा अमेरिकेहून आला आणि मामासाठी स्टीम डेक घेऊन आला. हातात धरून खेळायचं यंत्र, आत आर्च लिनक्सवर बेतलेली सिस्टिम, प्रोटॉन आधीच बसवलेलं. "मामा, काही करायचं नाही. फक्त खेळायचं." काकांनी एक गेम लावला. चालला. दुसरा लावला. तोही चालला. झोपवून उठवलं, तर यंत्र जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा इतका उतरला की काकूंनी बीपी तपासायला लावलं.

यंत्र टेबलावर पडून राहिलं ते काकूंनी उचललं. स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा गेम आहे, त्यात त्यांनी आधी पार्सनिप लावले, मग फ्लॉवर. तिकडे काकांना शोध लागला की यंत्राची सिस्टिम कुलूपबंद असते, पण ते कुलूप काढता येतं. त्यासाठी सुडोचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड लागतो. मूळ यंत्राला असा पासवर्ड नसतोच, तो आपण ठरवायचा. भाच्यानं निघताना तो ठरवला आणि फक्त मामीच्या कानात सांगितला.

"अगं, फक्त आत काय आहे ते बघतो."

"माझा फ्लॉवर परवा काढणीला येतोय. आणि आधी तो मिक्सर बघा, गणपतीपासून बंद आहे."

मिक्सर काकांनी त्याच रात्री उघडला, दुसऱ्या दिवशी तो चालू झाला. पासवर्ड अजून मिळालेला नाही. सध्या गीझरचं काम चाललंय.