सामायिक नळ

लेक शिकायला बंगळुरूला गेली आणि जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. जुना तिच्या लेखी. माझ्या लेखी ते एक प्रस्थ आहे. नुसता चार्जरच वरवंट्याएवढा. "बाबा, यात डेडिकेटेड ग्राफिक्स आहे," दारात बॅग उचलता उचलता ती म्हणाली, "नुसतं टाइप करत बसू नकोस." ती गेली आणि मी नुसतं टाइप करत बसलो.

एका दुपारी शब्द अडला, म्हणून उगाच टास्क मॅनेजर उघडला. तिथे दोन चौकटी दिसल्या: जीपीयू शून्य आणि जीपीयू एक. शून्याची रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी खालून खालून चाललेली. एकाची रेघ मात्र ० टक्क्यांवर आडवी पडून होती. इतकी सरळ रेघ मला शाळेत पट्टी घेऊनही मारता आली नाही. हा एक म्हणजेच ते डेडिकेटेड प्रकरण. त्याची स्वतःची ४ जीबी मेमरी आणि तरी हाताला काम नाही. आमच्या माळ्यावर पन्नास माणसांच्या भाताचं पितळी पातेलं होतं, त्याची आठवण झाली. मुंजीला ते खाली उतरायचं, चिंचेनं घासून झळाळायचं, आणि एरवी पोटात जुनी वर्तमानपत्रं घेऊन अंधारात बसायचं.

शून्याचं बिऱ्हाड निराळं. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये राहायचा. २०११ च्या सुमारास इंटेलनं त्याला प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर जागा दिली. जागा मिळाली, मेमरी मिळाली नाही. ती तो मुख्य रॅममधून उसनी घेतो, आणि तिथली पाइपलाइनही प्रोसेसरबरोबर सामायिक. हे वाचलं आणि मी थेट गिरगावातल्या चाळीत पोचलो. मजल्याला एक नळ, पहाटेचं पाणी, कळश्यांची रांग, आणि रांगेत पदर खोचून उभी असलेली आई. ती कामाला मंद नव्हती. तिची बादली भरायला वेळ लागायचा. डीडीआर४ रॅमची ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट पाणी सोडते. जोडीला दुसरी लावली की नळ दोन होतात, ५१.२. तिकडे या एकाच्या गच्चीत मात्र स्वतःची टाकी, सेकंदाला १९२ ची धार. एखाद्या खेळात शून्याचं चित्र अडखळलं की लोक त्याला नावं ठेवतात. त्याला हात कमी आहेत आणि वीजही चतकोर भाकरीएवढीच मिळते, हे खरं. पण पुष्कळदा तो बिचारा बादली घेऊन रांगेत उभा असतो.

मग लेकीनंच फोनवर एक गंमत सांगितली. या लॅपटॉपमध्ये पडद्याची तार एकाकडे जातच नाही, ती शून्याकडे जाते. एनव्हिडियानं २०१० मध्ये 'ऑप्टिमस' नावाची ही रीत आणली. एकानं घाम गाळून अख्खं जंगल रंगवलं, पानापानावर ऊन पाडलं, तरी ते चित्र शून्याच्या उसन्या मेमरीत उतरवावं लागतं, आणि पडद्यावर नेतो शून्यच. लग्नाचा आचारी कितीही नामांकित असो, पंगतीत वाढायला घरचंच माणूस वाकतं, तसं. हल्लीच्या काही महाग लॅपटॉपमध्ये हा मधला माणूस वगळायची सोय असते. महाग वस्तूंमध्ये बहुतेक वेळा हीच एक सोय असते.

रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा टास्क मॅनेजर कोपऱ्यात तसाच उघडा राहिला होता. वसतिगृहाची पिवळट भिंत, वाळत घातलेला टॉवेल आणि थोडा उतरलेला तिचा चेहरा. शून्याच्या चौकटीत 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ हळूच उठून बसली. एवढ्या दुरून आलेला तो चेहरा तो जोडत होता, सेकंदात कितीतरी वेळा, उसन्या मेमरीत. शेजारी एक, ० टक्के, निवांत.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो रे. तू सांग, ते डेडिकेटेड वापरलंस की नाही एकदा तरी?"

"झोपलाय तो," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, आवाज जरा खाली आणला.