नवी प्रोग्रॅमिंग भाषा: संस्थापकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

कंपायलर चालला, पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' उमटलं. म्हणजे सोपा भाग संपला. आता भाषेभोवती माणसं जमवायची आणि त्यांच्याशी अधिकृतपणे बोलायचं. पायऱ्या क्रमानं चढाव्यात.

१. नाव ठेवा. आधी चौकशी करा. नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलनं 'गो' जाहीर केली, तेव्हा फ्रान्सिस मॅककेब यांनी कळवलं की 'गो!' नावाची आपली भाषा आधीपासूनच आहे. गूगलनं नाव बदललं नाही. दोन्ही भाषांमध्ये आजही एका उद्गारचिन्हाचं अंतर आहे.

२. हुकूमशहा नेमा. पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' अशी पदवी होती. पदवी थट्टेची, अधिकार खरा. जुलै २०१८ मध्ये त्यांनी हयातीतच पद सोडलं. निमित्त होतं := हे चिन्ह भाषेत आणण्याचा प्रस्ताव. तो मंजूर झाला, पण त्यावरच्या भांडणानं मंजूर करणारा थकला. २०१९ पासून पाच जणांची निवडून आलेली समिती कारभार पाहते. थकवा आता पाचांत वाटून घेता येतो.

३. मोठी सुधारणा करा. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आली. जुन्या पायथॉनमध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी ती १५ सांगे. नवी ५ सांगते. (आपण तीनच अक्षरं मोजतो, पण काना आणि वेलांटी यांनाही संगणक वेगळं मोजतो.) एवढं मूलभूत काम झालं, आणि बोभाटा कशाचा? 'प्रिंट'पुढे आता कंस घालावे लागतात याचा! जुन्या आवृत्तीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडला. तोही आधी ठरलेली २०१५ची मुदत वाढवून.

४. सर्वांचं मत घ्या. 'अवेट' हा शब्द कुठे ठेवावा यावर रस्टच्या मंडळींनी प्रदीर्घ खल केला. पायथॉन, जावास्क्रिप्ट तो आधी लिहितात. रस्टनं २०१९ मध्ये टिंब देऊन तो शेवटी ठेवला. अशा वेळी निवेदनात 'सर्व मतांचा साकल्यानं विचार करण्यात आला' एवढं लिहावं. म्हणजे हरलेल्यांना आपण हरलो हे समजतं.

५. वाद राखून ठेवा. एव्हाना लक्षात आलं असेल: उद्गारचिन्ह, कोलन, कंस, टिंब. मेमरी कशी मोकळी करावी यावर मत द्यायला आधी अभ्यास लागतो. कंसावर मत द्यायला फक्त डोळे पुरतात. म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या मसुद्यात एखादं विनाकारण विरामचिन्ह घालून ठेवा. जमलेली माणसं त्यावर तुटून पडतील. तेवढ्यात ज्या दोघांना मेमरीचं कळतं, त्यांना काम उरकायला सांगा. शेवटी लोकभावनेचा मान राखून ते चिन्ह मागे घ्या.