देश ठरायचा आहे

आरमोरीत गुरुजींकडे बसायला गेलात तर चहाच्या आधी प्रश्न येतो, "बलुतं वाचलं का?" हो म्हणालात की दुसरा, "कोणत्या भाषेत?" आता दया पवारांचं मराठी पुस्तक मराठी माणूस मराठीतच वाचणार. पण गुरुजींच्या पुढ्यात ते कबूल करताना उगीचच ओशाळायला होतं. मग ते टीपॉयवर बोटानं गणित मांडतात. "मराठीत १९७८ ले आलं. फ्रेंचमध्ये १९९० ले. इंग्रजीत जेरी पिंटोनं केलं २०१५ ले. म्हणजे फ्रान्सले बारा वर्षं लागले, अन् आपल्या कॉन्व्हेंटवाल्याइले सदतीस! पिकते तेथे विकत नाही बापू, लिहून ठेव."

हे त्यांचं बोधवाक्य. धानाला भाव मिळाला नाही, पिकते तेथे विकत नाही. आरमोरीकडच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकतो, साडी विणली जाते आंधळगावच्या मागावर आणि मिरवली जाते नागपूरच्या लग्नात, तरी तेच. कोसा आणि साहित्य या दोन विषयांत गुरुजी फारसा फरक करत नाहीत.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एक जाड फाईल धरली आहे. वर लाल शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय : 'बाहेर गाजलेले'. पहिलं कात्रण अर्थातच अण्णा भाऊ साठ्यांचं. अण्णा भाऊंचा विषय निघाला की गुरुजी उठून उभे राहतात. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला वाटेगावचा पोरगा मुंबईत येतो काय, स्टालिनग्राडवर पोवाडा रचतो काय, १९६१ साली रशियाला जाऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहितो काय! "अन् इथं आपण काय देलं त्याले? चिरागनगरची झोपडी!" इथे त्यांचा आवाज खरोखरच भरून येतो, आणि ऐकणाऱ्याला आपणच त्या झोपडीचं भाडं वसूल करत होतो असं वाटू लागतं.

२०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसला. गुरुजींनी पेढे आणले आणि बसस्टँडवर उभं राहून वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला. "रशियात पुतळा बसला," गुरुजी म्हणाले. पेढा तोंडात टाकता टाकता एका पानठेलेवाल्यानं विचारलं, "कोणाचा, तुमचा का?"

"अजून नाही," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

कारण गुरुजी स्वतः ग्रंथकार आहेत. मी हे उशिरा सांगितलं, ते स्वतः लवकर सांगतात. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून त्यांनी ब्रह्मपुरीला कवितासंग्रह छापून घेतला, पाचशे प्रती. सगळा संग्रह रोवण्यावर. बांधीतला चिखल, पऱ्ह्यांच्या पेंढ्या, वरून पाऊस आणि खाली वाकलेल्या बायांची रांग. कविता, खरं सांगायचं तर, वाईट नाहीत. एका कवितेत रोवणा संपवून घरी आलेली बाई चुलीशी बसते आणि पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना गोडेतेल लावता लावता उद्या कोणाच्या बांधीत जायचं त्याचा हिशेब करते. एवढंच. रडणं नाही, उपदेश नाही. ही कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो. पुढे ती गुरुजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की आता गोडेतेलाचा वास आला तरी मी दारातूनच परततो.

एक प्रत त्यांनी एका संपादकांना पाठवली होती. शेतकरी जीवनावरच्या कविता आमच्याकडे बऱ्याच येतात, असं उत्तर आलं. गुरुजींनी ते पत्र आठवडाभर खिशात बाळगलं. "येत असतील," ते भेटेल त्याला सांगत, "ज्वारीवाल्याइच्या येत असतील!"

तेव्हापासून एकच काम उरलं : देश ठरवणे. उपवर मुलीला स्थळं पाहावीत तसे गुरुजी पुस्तकासाठी देश पाहतात. रशिया आधी पसंत होता, पण तिथे गहू. "गव्हाच्या माणसाले चिखल्या काय समजन?" फ्रान्स बलुतंमुळे मनात भरला होता. पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या गी प्वात्व्हाँ यांनी तो अनुवाद केला होता. आता तसा माणूस शोधायचा कुठे, म्हणून तेही राहिलं. व्हिएतनाम घराणं चांगलं, धान भरपूर, पण मध्यस्थ नाही. शेवटी जपानवर बोट टेकलं.

जपानशी त्यांचा जुना संबंध आहे, तो तोत्तोचानमुळे. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक तिकडे १९८१ साली आलं आणि हिंडत हिंडत आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात पोचलं. त्याच साली वीणा गवाणकरांचा 'एक होता कार्व्हर' आला, म्हणून गुरुजींच्या मते ते वर्षच भाग्याचं. अलाबामातल्या टस्कीगीत राबलेल्या कार्व्हरला आज तिथे नसतील तेवढी माणसं गडचिरोली जिल्ह्यात ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. तर, तोत्तोचानची शाळा भरते रेल्वेच्या डब्यांत. आरमोरीत रेल्वे नाही. आमचं स्टेशन वडसा. चौथीच्या आम्हा पोरांना डबा म्हणजे फक्त जेवणाचा ठाऊक. गुरुजींनी स्वतःच्या पैशानं अख्खा वर्ग एसटीत घालून वडशाला नेला. फलाटाला नेमकी मालगाडी लागलेली. "यातच बसून ते पोट्टे शिकत," गुरुजी हात पसरून म्हणाले. मागून एकजण बोलला, "गुरुजी, यात तं कोळसा हाये." तरीही पुस्तक आम्हाला कळलं, आणि आवडलंही. गुरुजींचा सगळा युक्तिवाद त्या एका सहलीवर उभा आहे : "टोक्योची पोरगी आरमोरीले समजते, तं आरमोरीची बाई टोक्योले काहून नाही समजन? दोघीही भातच खातात!"

मला आजवर याचं उत्तर सापडलेलं नाही.

जपानच्या एका कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं, सोबत प्रत जोडली. बऱ्याच महिन्यांनी एक कॅलेंडर आलं, गुलाबी फुलांचं. ते दिवाणखान्यात लावलंय आणि साल उलटून गेलं तरी उतरवलेलं नाही. पाहुण्याला गुरुजी सांगतात, "पत्रव्यवहार चालू आहे." मध्ये एक गोरा पाहुणा कोसा पाहायला आला होता. गुरुजींनी त्याला गाठून दोन प्रती दिल्या, आतल्या पानावर सही करून. त्यांच्या खिशाला दोन पेन असतात. एक लिहायचा, दुसरा सहीचा. सहीचा तेव्हा वाळलेला निघाला आणि मला शाईसाठी पळावं लागलं. "युरोपात सध्या दोन प्रती हायेत," हे वाक्य त्या दिवसापासून फाईलमध्ये दाखल झालं.

बाकीच्या प्रतींचं खातं काकूंकडे. काही गठ्ठे ओल लागू नये म्हणून तांदळाच्या कट्ट्यांखाली गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू दरवर्षी तिळगुळासोबत एकेक प्रत वाण म्हणून लुटतात. "जपानले जाईन तवा जाईन," त्या म्हणतात, "वाट्या लई महाग झाल्या." आरमोरीत आज बहुतेक प्रत्येक घरात गुरुजींचं पुस्तक आहे. याला खप म्हणावं का, यावर पतिपत्नींत मतभेद आहेत.

गुरुजींचं खरं दुखणं मात्र भिंतीपलीकडे राहतं. शेजारी झाडीपट्टीचे नाटककार. दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, पहाटेपर्यंत. वडशाच्या कंपन्या धान निघाल्यावर जी सुटतात ती होळीपर्यंत. शेजाऱ्यांचं नाव बॅनरवर हातभर उंच असतं आणि छापील ओळ एकही नाही. "तो नाटककार," गुरुजी आवाज खाली आणून म्हणतात, "मी ग्रंथकार."

गेल्या हंगामात याच नाटककारांनी न विचारता चिखल्यांची कविता उचलली, तिला चाल लावली आणि नाटकातल्या सासूच्या तोंडी दिली. (काकूंनी वाण दिलं होतं ना!) वैरागडकडच्या एका गावात रात्री अडीचला ते गाणं झालं. खुर्च्यांवरचे पुरुष डुलक्या घेत होते. सतरंजीवरच्या बाया ताठ बसल्या. त्यांनी पुन्हा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांतल्या काहीजणी सोबत म्हणत होत्या.

गुरुजी घोंगडी पांघरून मागच्या रांगेत होते. गाणं संपलं आणि पाहतो तर खुर्ची रिकामी. आता मारामारी होणार म्हणून मी रंगमंचामागे धावलो. जनरेटरच्या घरघरीत गुरुजींनी नाटककारांचा दंड धरलेला होता.

"हे नाटक राजनांदगावकडे जाते का?"

"बोलावलं तं जातो कधी."

"म्हणजे राज्याच्या बाहेर." गुरुजींनी दंड सोडला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय रे, जपान त्याच बाजूले येते ना?"