आषाढातली तंगडतोड

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात पन्हाळा ते विशाळगड हे अंतर जेमतेम एका परिच्छेदाचं होतं. रात्री शिवाजी महाराज गडावरून निघाले, पाऊस कोसळत होता, विजा कडाडत होत्या, आणि दोन ओळींनंतर खिंड आलीसुद्धा. बाईंना वाचून दाखवायला दीड मिनिट लागलं असेल. त्या दीड मिनिटाच्या भांडवलावर मराठी माणूस पन्नाशीपर्यंत ‘त्यात काय, जाऊ की चालत’ असं म्हणत राहतो. प्रत्यक्षात हे अंतर साठेक किलोमीटर आहे. शिवाय परिच्छेदाला चढ नसतो.

महाराज पन्हाळ्याहून निसटले ती रात्र १२ जुलै १६६० ची, आषाढी पौर्णिमेची. त्यामुळे दर जुलैत या वाटेवर माणसांची रीघ लागते. बहुतेक मोहिमा पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत जातात आणि दोन दिवस घेतात. हे लोण यथावकाश आमच्या सोसायटीत पोचलं. गच्चीच्या गळतीवर तीन वर्षं एकमत न झालेले आम्ही लोक या मोहिमेवर एकाच संध्याकाळी एक झालो. पुढारपण आपसूकच एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे गेलं. त्यांना सगळे इतिहासकाका म्हणतात. सोबत त्यांचा पुतण्या होता. तो जग फक्त मोबाइलमधून बघतो आणि त्याचं रीळ करतो. बायकोही आली. ‘तू कशाला?’ असं विचारल्यावर म्हणाली, ‘तुला खिंडीत एकटा सोडायला मी काही सिद्दी जौहर नाही.’ तिचा इतिहास कच्चा आहे, पण रोख पक्का असतो.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. गडावर नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, झुणका-भाकर घेऊन बसलेल्या मावश्या आहेत, आणि जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आहे. आम्ही गेलो तेव्हा धुकंही होतं. इतकं, की सज्जाकोठीतून समोर हात केला तर बोटं दिसेनात. पण काकांना धुक्याचं काय! ते कठड्याशी उभं राहून पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, ‘तिकडे जौहरचा तळ होता.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘आणि तिकडे फाजलखान.’ पुन्हा माना. पुतण्याने धुक्याचा फोटो काढून खाली ‘जौहरचा तळ’ असं लिहून पाठवूनही दिला.

काका सांगत होते त्यात मात्र दम होता. अफजलखान नोव्हेंबर १६५९ मध्ये पडला आणि त्याच महिन्यात महाराजांनी पन्हाळा घेतला. आदिलशाहीला हे झोंबणं साहजिकच होतं. मार्चमध्ये तिचा सरदार सिद्दी जौहर वेढा घालून बसला. सोबत बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला आलेला फाजलखान. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. पावसाळा लागला की वेढा आपोआप ढिला पडेल असा हिशेब होता, पण जौहर मोठा चिवट निघाला आणि पावसातही तळ ठोकून राहिला. त्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि आपलं निशाण घेऊन जौहरच्या मदतीला आले. हेन्री रेव्हिंग्टन हा त्यांचा म्होरक्या. त्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल, धंदा वाढेल. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार धुऊन काढली आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकलं. ‘दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये तो असा,’ असा काकांनी समारोप केला. बँकेतला माणूस इतिहासातूनही शेवटी वसुलीवरच येतो.

राजदिंडीच्या वाटेने गड उतरायला लागलो तेव्हा पाऊसही आमच्याबरोबर उतरत होता. या वाटेचा पहिलाच टप्पा असा निसरडा आहे, की वयाचा, हुद्द्याचा, शिक्षणाचा भेद राहत नाही. सगळे एकाच आसनावर खाली येतात. महाराजांबरोबर सहाशेच्या आसपास माणसं होती आणि ती सगळी वेढ्याच्या फटीतून आवाज न करता निघून गेली. आम्ही तीस-पस्तीस जण. शिट्ट्या, घोषणा, एकाच्या पाठीवर लटकलेला स्पीकर आणि त्यावर पोवाडा. जौहर आज असता तर त्याला वेढा घालायचीही गरज पडली नसती. त्याने वरच्या टपरीत चहा घेत आम्हाला मोजून घेतलं असतं. आणि पौर्णिमा? आषाढातली पौर्णिमा फक्त पंचांगात दिसते. ढगांच्या वर चंद्र होता म्हणतात. खाली विजेऱ्या असूनही मी एका दगडाला ‘काका, जरा सरका’ म्हणालो.

म्हाळुंग्याच्या वर चढून गेलं की मसाई पठार लागतं. या ठिकाणी मात्र बोलती बंद होते. जांभ्या खडकाचा हा सडा मैलोगणती पसरलेला, त्यावर बोटभर उंचीचं कोवळं गवत, आणि त्या गवतातून कुठूनही कुठेही जाणारं पाणी. झाड नावाला. मध्ये मसाई देवीचं देऊळ. ढग डोक्यावरून जात नाहीत, अंगातून जातात. छत्री उघडणाऱ्यांच्या छत्र्या पहिल्याच झोतात उलट्या झाल्या आणि मग सगळे भिजण्याच्या कामाला प्रामाणिकपणे लागले. जांभा मोठा लबाड दगड आहे. लांबून दिसतो कोरडा, भोकाभोकांचा. पाय ठेवला की कळतं, प्रत्येक भोकात शेवाळ दबा धरून बसलंय.

याच पठारावर माझ्या डाव्या बुटाने मला सोडचिठ्ठी दिली. खास डोंगरासाठी, पाच आकडी किंमत मोजून घेतलेला परदेशी बूट. दुकानदाराने तो हिमालयात टिकतो असं सांगितलं होतं. मसाईबद्दल तो काही बोलला नव्हता हे खरं. तळवा पुढून उघडला आणि बूट प्रत्येक पावलाला जबडा वासून चिखल खायला लागला. म्हशी वळणारा एक पोरगा हे बराच वेळ बघत होता. त्याच्या पायात बाजारात मिळतात ते साधे प्लॅस्टिकचे बूट. त्याने खिशातून सुतळी काढली, बुटाला आडवे-उभे चार वेढे दिले, वर गाठ मारली आणि म्हणाला, ‘आता खिंडीपत्तूर जातंय बघा.’ गेलं. हिमालयाचं काम सुतळीने केलं.

त्यावरून बायकोने काकांना विचारलं, ‘त्या मावळ्यांच्या पायात काय होतं हो?’ काकांनी खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांतल्या तलवारींचं वर्णन केलं. ‘हातातलं नाही, पायातलं,’ ती म्हणाली. काका थांबले. गेली चाळीस वर्षं ते या विषयावर बोलताहेत. हातांबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, पायांचा विचार कुणी त्यांच्याकडून करून घेतला नव्हता. मग तिने दुसरा प्रश्न टाकला, ‘आणि पालखी कुणी उचलली होती?’

हा प्रश्न त्या वाटेवर डोक्यातून जाता जात नाही. पाठीवर पाण्याची बाटली आणि चिवड्याची पिशवी घेऊन माझी ही गत. आणि इथून याच पावसात, अंधारात, मागावर फौज असताना कुणीतरी खांद्यावर पालखी घेऊन जवळजवळ धावत गेलं. एका पालखीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशिद, नाभिक समाजातले, महाराजांसारखे दिसणारे. महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून ते मुद्दाम शत्रूच्या हाती गेले, ओळखले गेले आणि मारले गेले. तेवढ्या गोंधळात खऱ्या पालखीला मैलांची आघाडी मिळाली. पण दोन्ही पालख्यांच्या दांड्यांखाली जे खांदे होते, त्यांची नावं मी तरी कुठे वाचलेली नाहीत. पठारावर पाचव्यांदा धाप टाकायला थांबलो तेव्हा मला तलवारीपेक्षा त्या खांद्यांचाच धाक वाटला.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या लागतात आणि चिखलाची जात बदलते. वरचा चिखल देवाने केलेला. खालचा माणसाने, जाणून-बुजून. जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस. बैल नाहीतर पॉवर टिलर घालून शेताची चिखलणी करतात, पाणी अडवतात आणि मग बायका ओळीने वाकून रोप लावत जातात. आमची वाट या खाचरांच्या मधल्या बांधांवरून. बांध वीतभर रुंद, ओला, मऊ. आमच्यापुढून शेकडो लोक गेलेले, मागून शेकडो येणार. एका ठिकाणी बांधाची कड ढासळून खाचरातलं पाणी भळाभळा खालच्या ओढ्यात चाललं होतं. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेतलेला एक म्हातारा गुडघाभर चिखलात उभा राहून दोन्ही हातांनी ते भगदाड लिंपत होता. लिंपून झालं की आमच्यातला एखादा तोल जाऊन पुन्हा तिथेच पाय देई. म्हातारा चिडला नाही. ‘मधनं चाला पावनं, कडंनं नगं,’ एवढंच म्हणत राहिला. मागून एक तरुण छाती फुगवून ‘हर हर महादेव’ अशी आरोळी देत आला आणि थेट रोपांत उतरला. म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून वर काढलं, रोप सरळ केलं आणि शांतपणे विचारलं, ‘काय घाई हाय? मागं कोन लागलंय?’

मुक्काम करपेवाडीला होता. ज्या घरात आम्हाला जागा दिली त्या घरची माणसं बहुधा सोप्यात दाटीवाटीने झोपली असावीत, कारण माजघर आमच्या ताब्यात होतं. गरम भात, आमटी, आणि चुलीच्या वर वलनीला आमच्या मोज्यांचं तोरण. त्या मोज्यांच्या वासात जेवण गोड लागलं, यावरून भुकेची कल्पना यावी. शेजारच्या शाळेत दुसरा गट उतरला होता. त्यांच्यात स्फुरण चढलेला एक वक्ता होता आणि त्याला ध्वनिक्षेपकही लाभला होता. साडेअकरा झाले तरी खिंड लढवणं चालूच. शेवटी घरातली आजी उठली, पदर खोचला, पावसात शाळेपर्यंत गेली आणि म्हणाली, ‘बाबांनो, राजं हितनं गेलं तवा आवाज बी केला न्हाई. तुमी बी झोपा. आमाला पाचाला लावणीला जायाचंय.’ या मोहिमेतलं सर्वांत चांगलं व्याख्यान तेच.

दुसरा दिवस जंगलाचा. झाडी दाट होते, ओढे कंबरेकडे बघायला लागतात आणि जळवा येतात. जळू चिकटलेली कळत नाही, सुटलेली कळते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि मोजा लाल होत राहतो. पुतण्याने पोटरीवरची जळू पाहून जी किंकाळी फोडली, ती त्याच्याच रिळात छान आली आहे. या वाटेवर सांडलेलं आमच्या गटाचं एकूण रक्त एवढंच. धनगरवाड्यावरून दुधाची किटली घेतलेला एक माणूस आला, ‘वाट सोडा’ म्हणाला आणि दिसेनासा झाला. तासाभराने तोच रिकामी किटली घेऊन परतताना भेटला. आम्ही मधल्या काळात एक ओढा ओलांडला होता.

पांढरपाणी मागे टाकून खिंडीशी पोचलो. खाली उतरायला लोखंडी जिना आहे, कठडे आहेत, आणि खाली दोन्ही बाजूंनी दगड जवळ आलेले, मधून पाणी उसळत चाललेलं. तेव्हा हिचं नाव घोडखिंड होतं. जौहरच्या बाजूची, सिद्दी मसूदची फौज मागून येत होती. बाजीप्रभू, त्यांचे थोरले बंधू फुलाजी आणि हिरडस मावळातले बांदलांचे लोक, मिळून तीनशेच्या घरात, इथे थांबले. रात्रभर ती वाट चालून आल्यावर थांबले, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं. आम्ही रात्री आठ तास झोपून, आमटी-भात जेवून आलो होतो, आणि आमच्यातल्या कुणाला त्या क्षणी साधी फळी उचलायला सांगितली असती तर त्याने आजारपणाची रजा टाकली असती. नेमकी खिंड हीच की आणखी कुठली, यावर अभ्यासकांत वाद आहेत. काका आणि शाळेतला तो वक्ता यांनी तोही वाद जिन्याच्या मधल्या पायरीवर सुरू केला. मागे रांग तुंबली. खिंड अडवायला दोन माणसं पुरतात याचं प्रात्यक्षिक त्या निमित्ताने झालं.

आमची मोहीम तिथे संपली. पुढे बस होती. महाराजांना बस नव्हती आणि विशाळगडही मोकळा नव्हता. गडाखाली सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता, तो फोडून ते वर गेले. परतीच्या प्रवासात काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी परिच्छेदात नव्हती. ज्या पन्हाळ्यासाठी एवढं झालं, तो सप्टेंबर १६६० मध्ये आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. बसमध्ये शांतता पसरली. ‘मग?’ पुतण्याने विचारलं. मग १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन गेला आणि एका रात्रीत पन्हाळा परत घेऊन आला. पुतण्याने मोबाइल खाली ठेवून हे ऐकलं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

तुम्ही जाणार असाल तर जुलैतच जा. उन्हाळ्यात ही वाट बघून काही कळायचं नाही. साधे प्लॅस्टिकचे बूट घ्या आणि खिशात सुतळी ठेवा. घोषणा गडावर द्या, खिंडीत द्या, वाडीत रात्री नको. चिवड्याच्या पिशव्या परत आणा. ज्या घरात जेवाल तिथे घासाघीस न करता पैसे द्या. आणि बांधावरून चालताना मधून चाला, कडेने नको.