प्युरिफायरसमोर उदबत्ती

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत हल्ली हॉलच्या कोपऱ्यात एअर प्युरिफायर विराजमान असतो. संध्याकाळी त्याच्याशेजारीच उदबत्ती लागते, रात्री पलंगाखाली डासांची कॉइल. यंत्राचा हिरवा दिवा लाल झाला की घरमालक खूश: पैसे वसूल, काम करतंय!

एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. सिगारेट ओढणाऱ्या काकांना मात्र याच घरातून गॅलरीत हाकललेलं असतं.

मग हवा शुद्ध करायला येतो स्नेक प्लांट, 'नासानं सांगितलंय' म्हणून. नासाचा १९८९चा तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब २०१९च्या एका आढाव्यात निघाला. म्हणजे सोफा विकायचा आणि पाहुण्यांना फांदीवर बसवायचं.

ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर पडल्या की अख्खं घर खोकतं. एक्झॉस्ट फॅन? आहे ना. पात्यांवर तेलकट काजळीचा थर आहे आणि जाळीमागे कबुतर अंड्यांवर बसलंय, म्हणून सध्या बंद ठेवलाय. स्वयंपाकघराची खिडकीही उघडत नाही. धूळ येते म्हणे.