धोंड्याच्या महिन्यातली पिढी

पंचांगवाल्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. हिशेब जुळला नाही तर ते लपवत नाहीत, त्याचा सरळ महिना करतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं. ही तूट साचत साचत साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एका महिन्याएवढी झाली, की एक जादा महिना, म्हणजे अधिक किंवा धोंड्याचा महिना, मध्ये घुसवतात. बिचाऱ्याला स्वतःचं नावही नसतं. पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेऊन तो 'अधिक श्रावण' म्हणून येतो आणि खरा श्रावण मागून 'निज' म्हणून मिरवत येतो. समाजशास्त्रवाल्यांकडे पंचांग नसावं. त्यांनी १९६५ ते १९८० मध्ये जन्मलेल्यांना 'जेन एक्स' म्हटलं, १९८१ ते १९९६ च्या मंडळींना 'मिलेनियल' म्हटलं, आणि ३१ डिसेंबर १९८० च्या रात्री बाराच्या ठोक्याला जन्मणाऱ्या बाळाने कुठे जायचं हे सुईणीवर सोडून दिलं. नंतर तूट लक्षात आली, तेव्हा मधल्यांसाठी 'झेनियल' असा शब्द निघाला. दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यायच्या गोळीसारखा. ढोबळमानाने १९७७ ते १९८३ मध्ये जन्मलेल्यांना ती लागू पडते. आपल्याकडे धोंड्याचा महिना तयार असताना ही गोळी कशाला?

ही पिढी स्वतःबद्दल बोलायला लागली की कॅसेट आणि पेन्सिल बाहेर काढते. मग रविवार सकाळचं 'रामायण', पिवळ्या रंगाचं पीसीओ, एसटीडीचे दर उतरण्याची वाट पाहत लागलेली रात्रीची रांग. हे सगळं खरं आहे, पण त्यात ओळख कसली? १९८७ साली 'रामायण' साठ वर्षांच्या आजोबांनीही पाहिलं होतं, आणि पीसीओच्या रांगेत सर्व वयांची माणसं तितकीच कंटाळली होती. आठवणी सगळ्यांच्या सारख्याच असतात, फक्त फॉरवर्ड करण्याचा उत्साह कमीजास्त असतो. माझं म्हणणं असं, की या पिढीची ओळख तिने काय पाहिलं यात नाही, तिच्या वाट्याला कोणतं काम आलं यात आहे. अधिक महिन्याचं काम तेच तिचं: दोन न जुळणारे हिशेब जुळवणं, तेही बिनपगारी.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. मध्ये फक्त पंधरा दिवस. तेव्हा ही मंडळी बारा ते अठराची होती. म्हणजे पत्राच्या वर 'श्री' लिहून 'तीर्थरूप बाबांस' अशी सुरुवात करायला शिकून झालं होतं, आणि नवं काही शिकण्याची लाज अजून वाटू लागली नव्हती. मराठी शाळेत त्यांना एबीसीडी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. तरीही घरात इंग्रजी पत्र, बँकेचा अर्ज आणि पुढे ओटीपी वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडेच आलं. 'श्रीलिपी'तला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारेही तेच. वडिलांना 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असं बजावून झाल्यावर पाच मिनिटांनी 'बाबा, ओटीपी सांगा' म्हणावं लागतं. हा विरोधाभास कोणत्याही उपनिषदात सोडवलेला नाही.

पण खरा पुरावा यंत्रांत नाही, संबोधनांत आहे. मराठी घरांत 'अहो' आणि 'अरे' यांची वाटणी फार जुनी. असंख्य घरांत ही पिढी वडिलांना 'अहो बाबा' म्हणत वाढली आणि आता मुलांकडून 'ए बाबा' ऐकते. म्हणजे आदर वर पोचता केला आणि खालून येण्याची वेळ झाली तेव्हा योजना बंद झालेली. त्यातल्या बायकांची कसरत याहून अवघड. नवऱ्याला मैत्रिणींत नावाने, घरात 'अरे' आणि सासूबाई स्वयंपाकघरात आल्या की वाक्याच्या मध्यावर 'अहो'. व्याकरणाच्या पुस्तकांत या पुरुषाची नोंद नाही. प्रथम, द्वितीय, तृतीय झाले. हा प्रसंगोपात्त पुरुष.

योजना बंद होण्यावरून आठवलं. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन, त्यानंतर लागलेल्यांना अंशदानाची पेन्शन. ही तारीख नेमकी या पिढीच्या नोकरीला लागण्याच्या वयावर पडली. एका टेबलावर जुना काळ, शेजारच्या टेबलावर नवा, चहा एकच. शिवाय जाहिरात आधीची आणि नेमणूक नंतरची असेही काही जण होते. त्यांच्यासाठी सरकारला २०२४ साली वेगळा निर्णय घेऊन जुन्या पेन्शनचा पर्याय द्यावा लागला. शासनालाही शेवटी अधिक मास पाळावाच लागतो.

यावर कुणी म्हणेल, यात नवल काय? प्रत्येक पिढीला आपण सांध्यावर उभे आहोत असंच वाटतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा आण्यांत हिशेब करणारी गृहिणी भाजीवाल्याशी दोन्ही भाषांत भांडतच होती. अगदी कबूल. पण अधिक महिना दर अडीच-तीन वर्षांनी येतो म्हणून यंदाचा खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: हे सगळं पुण्या-मुंबईचं कौतुक. ज्या गावात लँडलाइन कधी आलाच नाही आणि एकदम मोबाइलच आला, तिथे १९८० चा जन्म घेऊन काय करायचं? इथे मी माघार घेतो. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच लिहून ठेवलंय, की एका वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही. एकाच घडामोडींत सापडावं लागतं. तेव्हा १९७७ ते १९८३ हे आकडे शहरी मध्यमवर्गाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाचे समजावेत. मेळघाटातल्या पाड्यात ही मधली पिढी कदाचित आज विशीत असेल, आणि आजीच्या रेशनकार्डाचं केवायसी करून देत असेल. काम मात्र तेच.

अधिक महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत काही होत नाही, पण जावयाला ३३ अनारसे मिळतात. मधल्या पिढीला अजून एकही मिळालेला नाही. २०२६ साली अधिक महिना ज्येष्ठात आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात आणि पाणी रोज बदलावं लागतं, तेव्हा संबंधितांनी वेळेवर लक्ष घालावं.