भरीत, भास्कराचार्य आणि शांतता

खानदेशातली सहल शांत होत नाही, याचा दोष लोक उगाच आमच्या आवाजाला देतात. दोष भरिताचा आहे. निसर्ग बघायला दोघंही पुरतात. भरीत मात्र वीस-पंचवीस तोंडं जमल्याशिवाय कुणी करायला घेत नाही.

म्हणून 'दिवसभर कुठंतरी शांत ठिकाणी जाऊन येऊ' असं मी जळगावात नुसतं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत त्यात धुळ्याचे मामा, भुसावळची मावशी आणि मावशीच्या शेजारणी येऊन बसल्या होत्या. ठिकाण ठरलं पाटणादेवी. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. जंगलात चूल पेटवायची सोय नाही, त्यामुळे वांगी पहाटे चारला आमच्याच अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली. धुरानं गल्ली जागी झाली. "कुठं चालले भो एवढ्या सकाळी?" असं विचारायला आलेल्यांपैकी दोघं थेट क्रूझरमध्येच बसले.

मामा धुळ्याहून रेल्वेनं चाळीसगावला उतरले. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. राजवाडे संशोधन मंडळाच्या ग्रंथालयात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे 'कसे आहात?' याचं उत्तरही ते सनावळीनं देतात. उतरल्या उतरल्या त्यांनी केकी मूस यांचा विषय काढला. हा थोर छायाचित्रकार चाळीसगावातल्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं राहिला आणि क्वचितच बाहेर पडला. १९८९ साली गेला तोही तिथंच. शांतता हवी असेल तर मुळात सहलीला निघूच नये, हे अख्ख्या तालुक्यात त्या एका पारशी गृहस्थाला कळलं होतं.

पाटणादेवीची जागा मात्र खरोखर देखणी. चहूकडे डोंगर, मधे चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ, पलीकडे डोंगरी नदी. पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा गर्जत असतो म्हणतात. डिसेंबरात त्याचा आवाज बारीक झालेला, आणि शेजाऱ्यांनी स्पीकर आणलेला.

मामांनी तो बंद करायला लावला, पण स्वतः सुरू झाले. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. त्यांचं गाव हेच की दुसरं, यावर विद्वान भांडतात. मामा भांडत नाहीत, निकाल देतात. पाटणच्या शिलालेखाबद्दल मात्र वाद नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. १२०७च्या सुमाराचा तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. नातवानं आजोबांसाठी शाळा काढली, हे वाक्य मामांनी स्वतःच्या नातवाकडे बघत दोनदा म्हटलं. नातू मोबाईलला रेंज शोधत देवळाला प्रदक्षिणा घालत होता. भाविकांना तो फार धार्मिक वाटला असावा.

मग भास्कराचार्यांची 'लीलावती'. तिच्यात भुंग्यांचं एक गणित आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीवर गेले. अख्ख्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. एक कमळात अडकून गुणगुणतोय आणि त्याची भुंगी बाहेरून त्याला साद देतेय. भुंगे किती? ७२. एका भुंग्याचं कमळातलं गुणगुणणंसुद्धा ऐकू यायचं, म्हणजे त्या काळी या रानात भरीत पार्ट्या होत नसाव्यात.

तेवढ्यात पंगत बसली. केळीच्या पानावर भरीत, शेजारी कळण्याच्या पुऱ्या, आणि झाडावरून उतरणारी वानरं. जेवणं उरकल्यावर मामांनी हात धुता धुता नवं उदाहरण घातलं: "एकूण पुऱ्यांतल्या निम्म्या धुळेकरांनी खाल्ल्या, तिसरा हिस्सा जळगावकरांनी, बारावा हिस्सा वानरांनी पळवला. डब्यात उरल्या पाच. तर पुऱ्या किती?"

धुळेकरांनी 'निम्म्या' या शब्दाला हरकत घेतली. जळगावकर म्हणाले, आकडा कमीच धरलाय. नातवानं मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला.

"साठ," मावशी डबा घासता घासता म्हणाली.

मामा आनंदले. "शाब्बास! आता रीत सांग, रीत!"

"रीत काय सांगायची त्यात? कळणं भिजवायचं, लाट्या करायच्या अन् तळायच्या."